लेशमात्र विषाचा हिशेब

कर्करोगावरील बहुतेक जुनी औषधे ही मोजून दिलेली विषेच आहेत. पेशीचे विभाजन थांबवणे हे त्यांचे काम. ती पेशी रोगाची आहे, केसांच्या मुळाची आहे, आतड्याच्या अस्तराची आहे की अस्थिमज्जेची, हा विवेक त्यांना फारसा नसतो. म्हणून 'मोजून' हा शब्द येथे औषधाइतकाच महत्त्वाचा ठरतो. रुग्णाच्या शरीरात किती गेले, किती उरले, बाहेर पडलेले कोठे गेले, ते हाताळणाऱ्या परिचारिकेच्या त्वचेपर्यंत किती पोचले, याचा हिशेब जेथे ठेवला जात नाही तेथे औषध आणि विष यांमधील सीमारेषा वैद्यकशास्त्र आखत नाही, ती पैसा आखतो.

हा हिशेब ठेवण्याचे एक साधन गेल्या काही दशकांत जगभरच्या प्रयोगशाळांत झपाट्याने विकसित झाले आहे. त्याला विद्युत्-रासायनिक संवेदक असे म्हणतात. आपल्या देशातील विद्यापीठांतूनही त्यावर सातत्याने निबंध निघत असतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात तर औषधांच्या विद्युत्-रासायनिक विश्लेषणावर अनेक वर्षे काम झालेले आहे. ग्राफीनचा लेप दिलेले अग्र, धातूंच्या ऑक्साइडांनी मढवलेले अग्र, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे अग्र, असे एकाहून एक सरस प्रकार त्यांत वर्णिलेले असतात आणि प्रत्येक निबंध मागच्यापेक्षा थोडा अधिक सूक्ष्म अंश ओळखल्याचे सांगतो. असे असूनही जिल्हा रुग्णालयाच्या कर्करोग विभागात, औषधे कालवण्याच्या टेबलाशेजारी, किंवा रुग्णालयाच्या सांडपाण्याच्या मुखाशी हे साधन आढळत नाही. निबंध आणि वॉर्ड यांच्यामधील हे अंतर कशाने पडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आधी एका शब्दाविषयी. इंग्रजी मजकुरात येणाऱ्या 'ट्रेस' या शब्दाला मराठीत काय म्हणावे, याचा खल अनुवादकांच्या मेजावर नेहमी होतो. कोणी 'सूक्ष्म अंश' म्हणतात, कोणी 'अल्पांश'. मला 'लेश' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. अडचण इतकीच की आपल्या बोलण्यात लेशमात्र म्हणजे जवळजवळ नाहीच: लेशमात्र शंका नाही, लेशमात्र भीती नाही. रसायनशास्त्रात मात्र लेशाला वजन आहे. मेथोट्रेक्सेट या औषधाची रक्तातील जी पातळी डॉक्टर 'आता मूल धोक्याबाहेर आहे' असे म्हणण्यासाठी पाहतात ती आहे लिटरमागे 0.1 मायक्रोमोल, म्हणजे सुमारे 45 मायक्रोग्रॅम. बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात घरोघर पाणी पुरवणारे 12 हजार लिटरचे टँकर ज्यांनी पाहिले असतील त्यांनी असे दोन टँकर डोळ्यांसमोर आणावेत आणि त्यांत मिळून एक ग्रॅम औषध विरघळले आहे अशी कल्पना करावी. एवढा लेश मोजायचा आहे, आणि तोही रक्तासारख्या गजबजलेल्या द्रवात.

यंत्र कसे चालते

साखरेचा आजार असलेल्या व्यक्तीच्या घरी बोटाला टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घेतात, ती पट्टी म्हणजे विद्युत्-रासायनिक संवेदकच आहे. लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी 1962 मध्ये त्यामागील कल्पना मांडली. विद्युत्-रासायनिक पद्धतीने चालणारे घरगुती मापक 1987 मध्ये बाजारात आले. औषधांच्या संवेदकाचे तत्त्व याहून फारसे निराळे नाही. द्रावणात तीन विद्युत्अग्रे बुडवायची. त्यांपैकी एका अग्रावर खरी क्रिया घडते, दुसरे विभव मोजण्यासाठी स्थिर संदर्भ पुरवते आणि तिसरे मंडल पूर्ण करते. पहिल्या अग्राचा विभव हळूहळू चढवत नेला की एका विशिष्ट टप्प्यावर औषधाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन सोडतो किंवा घेतो आणि प्रवाहाच्या आलेखावर एक शिखर उमटते. शिखर कोठे उमटले यावरून रेणू कोणता हे कळते. किती उंच उमटले यावरून तो किती आहे हे कळते. लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन, मेथोट्रेक्सेट, फ्लोरोयुरॅसिल ही औषधे अशी इलेक्ट्रॉनांची देवघेव करणारी आहेत.

या शास्त्राचा पाया 1922 मध्ये प्राग येथे घातला गेला. यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनी थेंबाथेंबाने ठिबकणाऱ्या पाऱ्याचे विद्युत्अग्र वापरून ही विश्लेषणपद्धती सिद्ध केली. 1950 मध्ये चेकोस्लोव्हाकियात या एकाच शास्त्रासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि 1959 मध्ये हेरोव्हस्की यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाऱ्याच्या जागी आज कार्बन आला आहे, आणि तो प्लास्टिकच्या पट्टीवर शाईसारखा छापताही येतो. हे मुद्दाम सांगतो, कारण 'अत्याधुनिक' या शब्दाने साध्या माणसाला बिचकवण्याची रीत आहे. हे शास्त्र शंभर वर्षे जुने आहे आणि त्याचे यंत्र मुळात साधे आहे.

ज्याचे मोजमाप व्हायलाच हवे असे औषध

मेथोट्रेक्सेटची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. आंध्रातील भीमावरम येथे 1895 मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या गटाने तयार केलेल्या फॉलिक आम्लविरोधी संयुगांपैकी अमिनोप्टेरिन हे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना दिले आणि काही मुलांत रोग तात्पुरता ओसरल्याचे 1948 मध्ये जगाला सांगितले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड.

आज संधिवाताच्या रुग्णाला हे औषध आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिलिग्रॅम देतात. हाडांच्या कर्करोगात मात्र शरीराच्या प्रत्येक चौरस मीटर पृष्ठभागामागे 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे हजारपट मात्रा शिरेतून सोडली जाते. ही मात्रा जीवघेणी आहे आणि ती तशी आहे हे माहीत असूनच दिली जाते. ठरलेल्या तासांनंतर ल्यूकोव्होरिन हे दुसरे औषध देऊन निरोगी पेशींची सुटका केली जाते. ही सुटका किती दिवस चालू ठेवायची हे रक्तातील पातळी मोजल्याखेरीज नेमके ठरत नाही. 24, 48, 72 तासांनी रक्त तपासायचे आणि पातळी त्या दोन टँकरांतल्या एका ग्रॅमाच्या खाली उतरली की मुलाला मोकळे करायचे, अशी रीत आहे. मूत्रपिंड मंदावले आणि औषध शरीरात रेंगाळले, तर तोंडाच्या आतील त्वचा सोलवटते, अस्थिमज्जा बंद पडते, मूल दगावते.

मोजण्याची सोय मोठ्या संस्थांत आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येऊन पदपथावर राहतात त्याची कारणे अनेक आहेत. पण रक्तातील औषधाची पातळी मोजण्यासारख्या साध्या भासणाऱ्या सोयी मोजक्या शहरांतच एकवटल्या आहेत, हेही त्यांतील एक आहे. लहान केंद्रांतील डॉक्टर ज्या तडजोडी करतात त्या सर्वश्रुत आहेत. ते मात्रा कमी ठेवतात, ल्यूकोव्होरिन अंदाजाने जास्त दिवस देतात, सलाइन वाहते ठेवून मुलाला वॉर्डात थांबवून घेतात. या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही; हाताशी असलेल्या साधनांत ते मुलाचा जीव राखत असतात. परंतु प्रत्येक जादा दिवस म्हणजे बापाची बुडालेली मजुरी असते. द्रव वेगळे करून रेणू तोलणारी जी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत हे काम अचूक करतात त्यांची किंमत कोटीच्या घरात जाते, त्यांना वातानुकूलित खोली, शुद्ध वायू आणि प्रशिक्षित माणूस लागतो. छापील पट्टीचे काम नेमके येथे आहे.

लेशाचे महत्त्व आणखी एका घटनेने जगाला शिकवले. 2007 मध्ये शांघायच्या एका औषध कारखान्यात तयार झालेल्या मेथोट्रेक्सेट व सायटारॅबिनच्या कुप्यांत व्हिन्क्रिस्टीनचा लेश मिसळला गेला. व्हिन्क्रिस्टीन हेही कर्करोगावरील औषधच आहे. आपल्या दारात फुलणाऱ्या सदाफुलीपासून ते मिळते आणि शिरेतून दिले तर मुलांचे प्राण वाचवते. मात्र ते पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर मज्जातंतू नष्ट करते. मेथोट्रेक्सेट आणि सायटारॅबिन ही औषधे तर कण्यातूनही दिली जातात. शंभराहून अधिक रुग्णांचे पाय लुळे पडले. उत्पादनाच्या त्याच साखळीत आधी बनवलेल्या औषधाचा अवशेष पुरता साफ झाला नव्हता आणि तो लपवलाही गेला, असे सरकारी चौकशीत निघाले. शांघाय हे समाजवादाचे नाव घेणाऱ्या देशातील शहर आहे म्हणून ही घटना आपण टाळावी असे मला वाटत नाही. यंत्र धुतले गेले की नाही हे कामगाराला स्वतः तपासता आले असते, तर व्यवस्थापनाला लपवणे इतके सोपे गेले नसते.

टेबलावरील विष

रुग्णाला विष देण्याची तरतूद शास्त्रात आहे. परिचारिकेला ते देण्याची नाही. तरीही ते तिला मिळत असते. कुपीत सुई खुपसताना उडणारे अदृश्य तुषार, कालवण्याच्या टेबलावर वाळलेला थेंब, रुग्णाच्या लघवीचे भांडे, घामाने भिजलेली चादर, या मार्गांनी ही औषधे सिस्टरपर्यंत, वॉर्डातील मावशी-मामांपर्यंत, कपडे धुणाऱ्यापर्यंत पोचतात. 1979 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीची जिवाणूंवर चाचणी घेतली आणि तिच्यात जनुकीय बदल घडवणारे द्रव्य आढळल्याचे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइडला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात आणि डॉक्सोरुबिसिनला 'बहुधा घडवणाऱ्या' गटात बसवले आहे. कर्करोग बरा करणारे औषध कर्करोग घडवते, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. रुग्णाच्या बाबतीत तो तोलून पत्करलेला धोका असतो. मावशीच्या बाबतीत तो कोणी तोललेला नसतो.

युरोपात टेबल, फरशी, दाराच्या कड्या ओल्या कापसाने पुसून त्यावर किती औषध आले हे तपासण्याची पद्धत रूढ झाली. नेदरलँड्समध्ये सायक्लोफॉस्फामाइडसाठी दर चौरस सेंटीमीटरला 0.1 नॅनोग्रॅम ही लक्ष्यरेषा सुचवली गेली. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 2004 मध्ये धोक्याचा इशारा काढला. परिचारिकांच्या व सार्वजनिक सेवांतील कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर 9 मार्च 2022 च्या निर्देशाद्वारे युरोपीय संघाने ही धोकादायक औषधे कामाच्या जागी कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांविषयीच्या कायद्याच्या कक्षेत आणली. म्हणजे फिनलंडच्या त्या निबंधापासून कायद्याच्या अक्षरापर्यंत 43 वर्षे लागली, आणि तीही संघटित कामगारांच्या देशांत.

आपल्याकडे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत या औषधांचा उल्लेख आहे. मुदत संपलेली औषधे आणि त्यांनी माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत घालून 1200 अंशांहून अधिक तापमानाला जाळण्यासाठी परत पाठवायच्या. हा नियम कचऱ्याची काळजी करतो. तो कचरा पिशवीत भरणाऱ्या हाताविषयी त्यात हातमोजे, लसीकरण आणि प्रशिक्षण यांपलीकडे फार काही नाही. त्या हातावर औषध किती आले हे मोजण्याची सक्ती तर नाहीच. मोजलेच नाही, तर सिद्ध काय होणार? वीस वर्षांनी त्या परिचारिकेला रक्ताचा आजार झाला, तर तिचा आजार आणि तिचे काम यांचा संबंध दाखवणारा एकही आकडा कोठल्याही वहीत सापडत नाही. आकडा नसणे ही मालकाची सर्वांत स्वस्त विमापॉलिसी आहे.

व्हाइटफील्डचे उदाहरण

या विषयाची सारी सूत्रे एका ठिकाणी पाहायची असतील, तर बंगळुरूच्या पूर्वेकडील व्हाइटफील्डइतके दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. 1882 मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाला वसाहतीसाठी दिलेली ही जमीन; संघटनेचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून तिचे नाव पडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथे निर्यात प्रोत्साहन औद्योगिक वसाहत आणि आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. 2000 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आपले जॉन वेल्च तंत्रज्ञान केंद्र येथेच उघडले. कडुगोडीच्या औद्योगिक भागात विप्रो-जीईचा वैद्यकीय यंत्रांचा कारखाना आहे. वैदेही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि कर्करोग विभाग याच वसाहतीत आहेत. काचेच्या इमारतींतून काम करणाऱ्या हजारो तरुणांत पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथून गेलेली मराठी मुलेमुली थोडी नाहीत. मार्च 2023 मध्ये मेट्रो व्हाइटफील्डपर्यंत पोचल्यापासून त्यांचे हाल काहीसे कमी झाले आहेत.

आणि याच व्हाइटफील्डच्या दक्षिणेला वरथूर तलाव आहे. शहराच्या सांडपाण्याचा फार मोठा हिस्सा बेळंदूर तलावातून वरथूरमध्ये उतरतो, तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत आणि पुढे तामिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात जातो. 2015 मध्ये वरथूरचा पांढरा फेस उडून रस्त्यावर येऊ लागला तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. वरच्या बेळंदूर तलावाला 2017 आणि 2018 मध्ये आगी लागल्या. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक सरकारला दंड केला आणि तलावांच्या कामासाठी 500 कोटी रुपये वेगळे काढून ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी कोरमंगला-चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी नळांवाटे दुष्काळी कोलार जिल्ह्याच्या तलावांत सोडण्यास प्रारंभ झाला, पहिल्याच काही आठवड्यांत तेथेही फेस दिसला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. त्या पाण्यावर होणारी प्रक्रिया दुय्यम पातळीची असते; औषधांचे लेश काढून टाकणे हा तिचा हेतूच नाही.

येथे सावध राहिले पाहिजे. कर्करोगाची औषधे वरथूरच्या पाण्यातून लोकांना मारीत आहेत, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही, आणि तसा ओरडा करणे म्हणजे अज्ञानाचा व्यापार ठरेल. स्वित्झर्लंडच्या नद्यानाल्यांत 2006 मध्ये सायक्लोफॉस्फामाइड आढळले ते लिटरमागे नॅनोग्रॅमच्या अंशाइतके. एवढ्याने पिणाऱ्याला अपाय होण्याचा संभव अत्यल्प मानला जातो. फेसाचे कारणही औषधे नाहीत, धुण्याच्या साबणांतील रसायने आणि मैला हे आहे. उघड्या तलावातील इतका सूक्ष्म लेश पकडणे आजच्या बहुतेक संवेदकांच्या आवाक्याबाहेर आहे, हेही सांगितले पाहिजे. मात्र रुग्णालयाच्या स्वतःच्या सांडपाण्यात प्रमाण हजारो पटींनी जास्त असू शकते, कारण शिरेतून दिलेल्या मेथोट्रेक्सेटपैकी 80 ते 90 टक्के लघवीवाटे जसेच्या तसे बाहेर पडते. संवेदकाची जागा म्हणून तलावाचा काठ नव्हे, रुग्णालयाच्या गटाराचे तोंड आहे. तेथे तुंबलेल्या नळात हात घालणारा माणूस असतो. बंगळुरूत त्याला पौरकार्मिक म्हणतात. त्याला पाण्यात काय आहे हे कोणी सांगत नाही. हे कोण्या एका रुग्णालयावर बोट दाखवणे नव्हे. नियमच तसा नसल्यावर कोणते रुग्णालय आपण होऊन मोजील?

पट्टी कोण बनवणार

शास्त्रीय अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवू नयेत. रक्तात युरिक आम्ल लिटरमागे सुमारे 300 मायक्रोमोल असते, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या औषधाच्या तीन हजार पट, आणि तेही अग्राशी इलेक्ट्रॉनांचा व्यवहार करते. बाजारात एका माणसाची कुजबूज ऐकण्यासारखे हे काम आहे. रक्तातील प्रथिने अग्रावर थर बसवून त्याला बधिर करतात. सायक्लोफॉस्फामाइड तर इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीला सहजी तयारच होत नाही, त्याच्यासाठी आडमार्ग काढावे लागतात. पुष्कळ निबंधांत 'प्रत्यक्ष नमुना' म्हणून जे तपासलेले असते ते स्वच्छ द्रावणात विरघळवलेले औषध किंवा निरोगी माणसाच्या लघवीत मुद्दाम घातलेला थेंब असतो. खऱ्या रुग्णाच्या तिसऱ्या दिवसाच्या रक्तापर्यंत फार थोडे पोचतात. निबंधांच्या संख्येवर बढती मोजणाऱ्या व्यवस्थेत हे असेच चालणार. नवा लेप शोधला की निबंध होतो. जुन्याच लेपाची पट्टी हजार रुग्णांवर तपासली तर बढतीच्या हिशेबात ते गौण ठरते.

परंतु साखरेच्या पट्टीपुढेही अशाच अडचणी होत्या आणि त्या सुटल्या. का सुटल्या? कारण साखरेचा रुग्ण रोज एक पट्टी जन्मभर विकत घेतो. कंपन्या मापक स्वस्तात देतात आणि पट्ट्यांवर नफा मिळवतात. मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा घेणारे मूल काही महिन्यांत मोजक्या वेळा तपासावे लागते. ते बरे होते किंवा मरते, गिऱ्हाईक म्हणून दोन्ही परींनी निरुपयोगी. मावशी तर गिऱ्हाईकच नाही. बाजाराने ही पट्टी अद्याप बनवली नाही, याचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकाइतकेच या हिशेबात आहे.

औषधांच्या किमतींबाबत हा हिशेब एकदा मोडला गेला होता. 9 मार्च 2012 रोजी सोराफेनिब या औषधाचा सक्तीचा परवाना देण्यात आला आणि महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8 हजार 800 रुपयांवर आला. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबवरील नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. दोन्ही गोष्टी शक्य झाल्या कारण पेटंट कायद्यात जनतेच्या बाजूची कलमे राखण्यासाठी आधी संसदेत आणि बाहेर झगडा झाला होता. औषध स्वस्त झाले; ते नीट देण्यासाठी लागणारे मोजमाप मात्र अजून श्रीमंतांच्या इमारतीत राहिले आहे.

देशापाशी साधने नाहीत, असे कोणी म्हणू नये. तामिळनाडूतील कारैकुडी येथे विद्युत्-रसायनशास्त्राची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचा पायाचा दगड जवाहरलाल नेहरूंनी जुलै 1948 मध्ये बसवला. व्हाइटफील्ड काचेचे होण्यापूर्वी बंगळुरू हे सार्वजनिक क्षेत्रातील यंत्रकामगारांचे शहर होते. 1980 च्या डिसेंबरात सुरू झालेला आणि 77 दिवस चाललेला त्यांचा संप जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. त्या कारखान्यांपैकी एचएमटीचे घड्याळ 2016 मध्ये बंद पडले, पण भारत इलेक्ट्रॉनिक्स चालू आहे, आणि 2020 मध्ये करोनाच्या साथीत सरकारने मागणी नोंदवताच त्याने काही महिन्यांत 30 हजार श्वसनयंत्रे बनवली. विद्युत्-रासायनिक मापक हे श्वसनयंत्राहून कितीतरी सोपे. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा विद्यापीठाच्या संशोधकांनी 80 डॉलरांच्या आत बनणाऱ्या अशा मापकाचा संपूर्ण आराखडा कोणालाही वापरता येईल असा खुला प्रसिद्ध केला आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये उभे राहिलेले राष्ट्रीय कर्करोग जाळे आज अनेक रुग्णालयांसाठी औषधांची एकत्रित खरेदी करते. त्याच जाळ्याने पट्ट्यांची मागणी एकत्र नोंदवली, आपल्या रुग्णालयांत मोठ्या यंत्राच्या निकालाशी त्या ताडून पाहिल्या आणि उत्पादन सार्वजनिक कारखान्याकडे सोपवले, तर व्हाइटफील्डच्या बहुराष्ट्रीय केंद्रांतून शिकलेल्या अभियंत्यांपैकी काही या कामाला येतील, अशी माझी अटकळ आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे.

रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या संघटनांना पट्टी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. औषधे कोण कालवते, दिवसाला किती कुप्या, कोणत्या, याची नावनिशीवार वही मागता येते. हवा आत ओढणारी सुरक्षित कपाटे आहेत काय आणि त्यांची तपासणी शेवटची कधी झाली, हे विचारता येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनींना या कामातून सवलत मागता येते. कंत्राटी मावशीला तोच हातमोजा मिळाला पाहिजे जो कायम सिस्टरला मिळतो, आणि साध्या पातळ मोज्यांनी हे औषध अडत नाही हे दोघींना सांगितले गेले पाहिजे. वर्षातून एकदा पुसणीचे नमुने एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याचा खर्च रुग्णालयाने सोसावा आणि निकाल सूचनाफलकावर लावावा, ही मागणी आजच करता येण्याजोगी आहे. नमुने घेताना एवढे पाहावे की ते केवळ डॉक्टरांसमोरच्या स्वच्छ टेबलावरून घेतले जाणार नाहीत. परदेशांतील तपासण्यांत औषध रुग्णांच्या शौचालयाच्या फरशीवर आणि दारांच्या कड्यांवरही सापडले आहे, आणि ती फरशी दिवसातून तीनदा पुसणारी बाई मोजे घालते की नाही, याची नोंद कोणत्याच वहीत नसते.